पोरगी साहेब झाली तर?

मैत्रिणींनो, पहाटे साडेपाचला जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठाने एकदा फेरी मारून बघा. धुळ्यात राहत असाल तर गरुड मैदानाकडे जा. थंडी असो नाहीतर आपल्या खान्देशचा तो भाजून काढणारा उन्हाळा असो, पोरं धावत असतात. कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणीच. एखादा हातात घड्याळ धरून ओरडत असतो. १६०० मीटरची तयारी चाललेली असते. आता त्यांच्यात ८०० मीटरवाल्या मुलीही दिसतात, ओढणी कमरेला बांधून, केस घट्ट आवळून. कुणाला पोलीस भरती द्यायची असते, कुणाला एसआरपी, कुणाला अग्निवीर. मला या सगळ्यांचं फार कौतुक वाटतं. अंधारात उठून घराबाहेर पडणं काही सोपं नाही, त्यात मुलीला तर मुळीच नाही.

पण एक गोष्ट मला खटकते. यातली बरीच मुलंमुली कॉलेजात शिकतात, कुणी एस.वाय.ला, कुणी टी.वाय.ला. म्हणजे वर्षा-दोन वर्षांत पदवीधर होणार. पदवीधराला सैन्यात जायला दोन दारं आहेत, एक जवानाचं आणि एक अधिकाऱ्याचं. पहिल्या दारावर आपल्याकडची ही एवढी गर्दी, आणि दुसऱ्या दाराचा पत्ताच बहुतेकांना ठाऊक नाही. बचत गटाच्या आणि महिला मंडळाच्या कामामुळे माझं जळगाव, धुळ्याच्या कॉलेजांत जाणं-येणं असतं. मुलांशी बोलताना मी मुद्दाम विचारते, "सीडीएस म्हणजे काय रे?" वर्ग गप्प होतो. एकदा एका मुलाने हात वर केला आणि म्हणाला, "ताई, बिपिन रावतसाहेब होते ना, ते सीडीएस." उत्तर तसं चूक नव्हतं. पण मी विचारत होते ती परीक्षा त्याच्यासाठीच होती, आणि तिचं नाव त्याने ऐकलंच नव्हतं.

तर थोडक्यात सांगते. कम्बाइंड डिफेन्स सर्व्हिसेस ही परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, साधारण एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाही फॉर्म भरता येतो. सैन्यासाठी कुठल्याही शाखेची पदवी चालते. हो, बी.ए. सुद्धा. मी स्वतः मराठी घेऊन बी.ए. झालेली, म्हणून हे जरा जोर देऊन सांगते, कारण आर्ट्सची पोरगी म्हणजे डी.एड. नाहीतर लग्न असा आपल्याकडे पक्का समज आहे. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीसाठी तर गणिताचा पेपरही नाही. इंग्रजी आणि सामान्यज्ञान, शंभर-शंभर गुणांचे दोन पेपर, बस्स. मुलींना परीक्षेची फी माफ आहे. लेखी परीक्षा, मग एसएसबीची मुलाखत, मग वैद्यकीय तपासणी, आणि निवड झाली की चेन्नईला ४९ आठवड्यांचं प्रशिक्षण. तिथून बाहेर पडते ती लेफ्टनंट होऊन. मूळ पगार ५६,१०० रुपये, भत्ते वेगळे. नोकरी आधी १० वर्षांची, ती पुढे ४ वर्षं वाढवता येते, आणि कायम होण्याची संधीही असते. एन.सी.सी.चं 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवलेलं असेल आणि पदवीला ५० टक्के असतील, तर लेखी परीक्षाही द्यावी लागत नाही, थेट मुलाखतीला बोलावणं येऊ शकतं. कायद्याच्या पदवीधरांसाठीही सैन्यात वेगळी शाखा आहे.

आता याच्या शेजारी अग्निवीर ठेवून बघा. २०२२ पासून जवानांची भरती या योजनेतून होते. ४ वर्षं नोकरी, आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना कायम करतात. मी जवानाला कमी लेखत नाही, गैरसमज नको. माझ्या माहेरी दोन घरं सोडून फौजीचं घर आहे, ती माणसं आमच्या गावाची शान आहेत. बारावीनंतर घरची जबाबदारी डोक्यावर असलेल्या मुलाने भरतीला जावं, त्यात गैर काहीच नाही. पण तीन वर्षं कॉलेजात काढून, पदवी हातात घेऊन पुन्हा बारावीवाल्यांच्याच रांगेत का उभं राहायचं? दुसरी रांग कुणी दाखवलीच नाही म्हणून?

हे दुखणं आजचं नाही. आपल्या धरणगावात १८२५ साली इंग्रजांनी खान्देश भिल्ल कोअर उभी केली. जेम्स आउटरम नावाचा तरुण अधिकारी होता तिचा प्रमुख. शिपाई सगळे इथल्या सातपुड्याच्या, सातमाळ्याच्या डोंगरातले भिल्ल, कमालीचे काटक आणि धाडसी. हुकूम देणारे मात्र साहेब. आज दोनशे वर्षं झाली. इंग्रज गेले, पण खान्देशाने शिपाई द्यायचा आणि साहेब दुसरीकडून यायचा, ही सवय काही आपल्या मनातून गेली नाही. वरणगावच्या कारखान्यात बंदुकीच्या गोळ्या तयार होतात, भुसावळलाही आयुध निर्माणी आहे. म्हणजे गोळ्या आपल्या, शिपाई आपला, मग अधिकारी आपला का नको?

मुलींच्या बाबतीत तर मला आणखी एक नवल वाटतं. २००७ ते २०१२ या काळात देशाच्या तिन्ही सैन्यदलांच्या सर्वोच्च प्रमुख कोण होत्या? आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या, बोदवड तालुक्यातल्या नाडगावला जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील. जळगावच्या एम.जे. कॉलेजच्या विद्यार्थिनी. राष्ट्रपती म्हणून २००९ मध्ये वयाच्या ७४ व्या वर्षी त्या पुण्याहून सुखोई विमानात बसून आकाशात गेल्या होत्या, तेव्हा आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहून टाळ्या वाजवल्या. ज्या जिल्ह्याच्या लेकीला तिन्ही दलांचे प्रमुख सॅल्यूट करत होते, त्या जिल्ह्यात "मुलीला सैन्यात अधिकारी करू" म्हटलं की बायका तोंडाला पदर लावतात. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी तर मला सरळ विचारलं, "आंडेरले बंदूक दीसन काय करशी व माय? मंग सैपाक कोन करी?" मी हसले. आजींचं वय बघता दुसरं काय करणार! पण त्यांच्या पस्तिशीतल्या सुनेनेही मान डोलावली, तेव्हा हसू आलं नाही.

डॉक्टर आणि नर्स सोडल्या तर सैन्यात बायकांना अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात झाली ती १९९२ साली. मी तेव्हा शाळेत होते. सुरुवातीला त्यांना ५ वर्षांसाठीच घेत. पुढे मुदत वाढत गेली, पण कायमची नोकरी बहुतेक शाखांत नव्हती. त्यासाठी या अधिकारी महिला वर्षानुवर्षं कोर्टात लढल्या. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेला तो निकाल बायकांच्या बाजूने लागला. दहा शाखांत कायम नेमणूक आणि हुकूम देण्याच्या पदांचा हक्कही मिळाला.

पण या खटल्यात सरकारने मांडलेला एक मुद्दा माझ्या मनात रुतून बसलाय. सरकारचं म्हणणं असं होतं, की सैन्यातले जवान पुरुष आहेत, बहुतांश ग्रामीण भागातून आलेले आहेत, आणि तिथल्या समाजाच्या रीतीभातीमुळे बाईचा हुकूम मानायला त्यांची मनं अजून तयार झालेली नाहीत. न्यायालयाने हे मानलं नाही. पण मला सांगा, ही ग्रामीण भागातली मुलं म्हणजे कोण? आपलीच ना? पारोळ्याची, साक्रीची, शिरपूरची, चोपड्याची. बाईचा हुकूम ऐकायला त्यांना कुणी शिकवलं नाही, तर ते कुणी शिकवायचं राहिलं? घरात बहिणीने "ताट उचल" म्हटलं तर "तू कोण सांगणारी" म्हणणारा मुलगा आपल्याच स्वयंपाकघरात वाढतो. दिल्लीच्या कोर्टात सरकारी वकिलांनी आपल्या घरचं उणं मांडलं होतं, बायांनो. मुलीला अधिकारी करण्याइतकंच मुलाला हे शिकवणंही या विषयातच येतं, असं मला वाटतं.

पुढचं भराभर झालं. ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयानेच मुलींना एनडीएची परीक्षा द्यायची परवानगी दिली. २०२२ मध्ये खडकवासल्याला १९ मुलींची पहिली तुकडी दाखल झाली, आणि ३० मे २०२५ रोजी त्यातल्या १७ जणी मुलांच्या बरोबरीने संचलन करून बाहेर पडल्या. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक लष्कराच्या हवाई दळातल्या पहिल्या लढाऊ वैमानिक झाल्या, त्यांना पंख मिळाले ते आपल्या शेजारच्या नाशिकला. २०२३ मध्ये पहिल्या पाच महिला अधिकारी तोफखान्यात गेल्या. पायदळ आणि रणगाडे अजून पुरुषांकडेच आहेत, तेही खरं. मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'ची माहिती द्यायला कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह उभ्या राहिल्या, तेव्हा घराघरांत बायका स्वयंपाक सोडून टीव्हीपुढे आल्या. त्याच आठवड्यात आमच्या मंडळात एक मैत्रीण म्हणाली, "किती ग छान बोलल्या!" मी विचारलं, "तुझी मुलगी टी.वाय.ला आहे ना?" ती म्हणाली, "तिचं स्थळ बघतोय."

महाराष्ट्राच्या दोन सुनांची नावं तुम्ही ऐकली असतील. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये काश्मीरात अतिरेक्यांशी लढताना गेले. दोन लहान लेकरं पदरात असताना त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी वर्दी घालायचं ठरवलं. त्यांच्यासाठी वयाची अट शिथिल करण्यात आली, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. मेजर कौस्तुभ राणे २०१८ मध्ये गेले, त्यांच्या पत्नी कनिका राणे नोव्हेंबर २०२१ मध्ये अधिकारी झाल्या. या दोघींपुढे मी हात जोडते. पण आपल्या समाजाचं एक वागणं मला कळत नाही. नवरा गेल्यावर बाईने वर्दी घातली की आपण तिला वीरांगना म्हणतो, सत्कार करतो, साडी-चोळी देतो. तीच वर्दी बाविसाव्या वर्षी, हसत-खेळत, स्वतःच्या हौसेने घालायला निघालेल्या मुलीला मात्र म्हणतो, "हे काय भलतंच?" दुःखाचा दाखला जोडल्याशिवाय बाईला धाडस करू द्यायचंच नाही का?

बरं, तयारी करायची तर कुठे? आपल्याकडे लगेच उत्तर येतं, पुण्याला क्लास लावा. आमच्या ओळखीच्या एका घरी मुलासाठी अशाच एका अकादमीत पैसे भरले. शेतातला कापूस विकून आणलेले. सहा महिन्यांत त्याला तिथे पाठ केलेली उत्तरं बोलायला शिकवलं, आणि मुलाखतीला पहिल्याच दिवशी तो परत आला. सगळ्या अकादम्या अशा नसतात, पण फी भरण्याआधी आपल्या घराजवळ काय आहे ते तरी बघावं की नाही?

नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. सीडीएसची लेखी परीक्षा पास झालेल्यांना किंवा एन.सी.सी.कडून एसएसबीसाठी शिफारस झालेल्यांना तिथे मुलाखतीची तयारी करून घेतात. मुलांची आणि मुलींचीही. राहणं, जेवण, शिकवणं, सगळं फुकट. त्याची जाहिरात आपल्याच वर्तमानपत्रात येते, 'सशस्त्र सैन्यदलात अधिकारी होण्याची संधी' अशा मथळ्याची, बहुतेक वेळा आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी. आपण ते पान भाजी निवडायला घेतो. अर्ज कुठे करायचा ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात. जळगावला हे कार्यालय आहे, धुळ्यालाही आहे. फौजींच्या पेन्शनची कामं तिथे होतात एवढंच आपल्याला माहीत असतं. दहावीनंतरच्या मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे. एनडीएची तयारी करून घेते. तिथे फक्त मुलं. मुलींसाठी तशीच संस्था सुरू व्हायला २०२३ उजाडलं, आणि तीही नाशिकला. जळगावहून नाशिक काही लांब नाही. काशी-मथुरेला जाणाऱ्या आपण, नाशिकला जायला काय हरकत आहे?

पण खरं सांगू का, एसएसबीचे ते पाच दिवस काय असतात हे समजून घेतलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की याची निम्मी तयारी क्लासमध्ये नाही, घरात होते. आमच्या कॉलनीत एक निवृत्त सुभेदार आहेत. त्यांच्या मदतीने आम्ही मंडळाच्या खोलीत रविवारी दहा-बारा कॉलेजच्या मुलामुलींना बसवतो. फी नाही, बोर्ड नाही. एक फळा, जुनी मासिकं आणि घड्याळ.

त्या परीक्षेत पहिल्या दिवशी एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायला सांगतात. इथेच बरेच जण परत जातात. पुढे अशीच बारा चित्रं असतात, त्यातलं शेवटचं नुसता कोरा कागद. मग ६० शब्द, प्रत्येकावर पंधरा सेकंदांत वाक्य लिहायचं. मग अर्ध्या तासात ६० प्रसंग, अशा वेळी तुम्ही काय कराल? आम्ही मासिकातली चित्रं दाखवून गोष्टी लिहून घेतल्या. वह्या घरी आणून रात्री वाचत बसले. मुलांच्या गोष्टीत नायक एकटा नदीत उडी मारून सगळ्या गावाला वाचवतो, दोर आणायचं किंवा कुणाला हाक मारायचं त्याच्या डोक्यात येत नाही. आणि मुलींच्या गोष्टी? बहुतेक वहीत शेवटी एकच घडत होतं. वडिलांनी परवानगी दिली आणि ती खूप आनंदी झाली. एकीने शिंपिणीची गोष्ट लिहिली, एकीने डॉक्टरीणबाईची, एकीने गिर्यारोहकाची. पर्वताच्या पायथ्याशीसुद्धा बिचारी वडिलांच्या परवानगीची वाट बघत होती!

प्रसंगांचंही तेच. सुभेदारसाहेबांनी फळ्यावर लिहिलं, 'तुम्ही परीक्षेला निघाला आहात आणि एस.टी. पारोळ्याजवळ बंद पडली.' एका हुशार मुलीने लिहिलं, 'भावाला फोन करीन.' साहेब म्हणाले, "बाई, भाऊ काय विमान घेऊन येणार आहे का? मागून दुसरी गाडी येतेय, तिला हात कर ना!" सगळे हसले, तीही हसली. पण ते उत्तर तिने मनाने काढलेलं नव्हतं. लहानपणापासून आपणच ते तिच्या तोंडात घातलंय. रिक्षा ठरवायची, भाऊ करेल. बँकेत जायचं, पप्पा जातील. मोबाइलचं रिचार्ज सुद्धा दादा मारणार. आणि मग बावीस वर्षांची झाल्यावर तिला तिथे बोलावतात, परक्या मुलींची प्रमुख करतात, फळ्या आणि दोर हातात देतात आणि म्हणतात, हा अडथळा ओलांडून दाखव. ती मदतीला कुणाकडे बघणार?

त्या पाच दिवसांत एक प्रश्न असतो, तो तर मला फारच आवडला. तुमच्याबद्दल तुमच्या आई-वडिलांना काय वाटतं ते लिहा. शिक्षकांना, मित्रांना, आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं तेही. आमच्या रविवारच्या वर्गात मुली या ओळीवर अडून बसल्या. एक म्हणाली, "ताई, आईला माझ्याबद्दल काय वाटतं ते मी कधी विचारलंच नाही." मी म्हटलं, मग आज घरी जाऊन विचार. पुढच्या रविवारी तिने लिहून आणलं, 'आईला वाटतं मी हट्टी आहे.' साहेब खूश झाले. म्हणाले, हे लिहायचं, आणि कशाचा हट्ट करते तेही लिहायचं.

तिथे दुसऱ्याला पाडून पुढे जायचं नसतं, हेही मला साहेबांनीच सांगितलं. गटातले सगळे लायक असले तर सगळे घेतात, कुणीच नसला तर कुणालाच नाही. आपल्या टक्केवारीच्या शर्यतीत वाढलेल्या मुलांना हे पटायला वेळ लागतो.

शरीराचं तर विचारूच नका. मुलाखत पार पडली तरी वैद्यकीय तपासणी कडक असते. आपल्याकडे मुलींचं रक्त कमी, हे आम्ही प्रत्येक आरोग्य शिबिरात बघतो. भाऊ पहाटे धावायला जातो म्हणून त्याला दूध, अंडी, भिजवलेले शेंगदाणे. तिने मैदानावरून आल्यावर आधी धुणं आटोपायचं आणि चहा-बटर खाऊन कॉलेज गाठायचं. कळण्याची भाकरी, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे हे आपल्या खान्देशात महाग नाही, फक्त ते मुलीच्या ताटात भावाइतकं पडायला हवं.

कॉलेजांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. जळगावला एन.सी.सी.ची १८ वी महाराष्ट्र बटालियन आहे, धुळ्याला ४८ वी. मुली एन.सी.सी.त हौसेने येतात. पण परेड संपेपर्यंत गावाकडची शेवटची एस.टी. निघून जाते, आणि दुसऱ्या वर्षी घरचे नाव काढून घेतात. 'सी' प्रमाणपत्र तिसऱ्या वर्षी मिळतं, आणि तीच तर थेट मुलाखतीची किल्ली. परेडची वेळ एक तास अलीकडे घेतली, तर किती मुली टिकतील! सीडीएसच्या तारखा फळ्यावर लिहायला काही खर्च येत नाही. ग्रंथालयात इंग्रजी वर्तमानपत्र येतं, ते सरांच्या टेबलावरून मुलांच्या हातात गेलं तर निम्मी भीती तिथेच जाईल. स्पर्धा परीक्षा केंद्राच्या पाट्या बऱ्याच कॉलेजांत आहेत, तिथे तलाठी आणि पोलीस भरतीची पुस्तकं असतात, या परीक्षेचं एखादं तरी ठेवा. आपल्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. अक्षर ओळख नसलेल्या बाईचं नाव मिरवतो, तर तिच्या नातींना दार दाखवायला नको?

कुणी म्हणेल, ताई, जागा किती? खरं आहे. मुलींसाठी जागा मोजक्याच असतात, एन.सी.सी.तून तर बोटांवर मोजण्याइतक्या. दहा जणींनी तयारी केली तर कदाचित एकही जाणार नाही. हे मी आमच्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगते. पण त्याच मुली आज बँकेत एकट्या जातात, अनोळखी माणसाशी नीट बोलतात, इंग्रजीत तीन मिनिटं उभ्या राहून विषय मांडतात. एकीने ग्रामसभेत उठून पाण्याचा प्रश्न विचारला, सरपंच बघतच राहिले. ती लेफ्टनंट नाही झाली तरी तिची आई आता तक्रार करत नाही.

जीवाची भीती मात्र खोटी नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये चाळीसगाव तालुक्यातल्या पिंपळगावचा विशीतला जवान श्रीनगरला शहीद झाला, तेव्हा अख्खा तालुका रडला. कुठल्याही आईला मी "घाबरू नका" म्हणणार नाही. एवढंच विचारते, ही भीती आपण मुलाच्या वेळी गिळतो ना? मग मुलीच्या वेळी ती पुढे करताना आपल्या मनात खरंच तिचा जीव असतो, की तिचं लग्न? लग्नाचंही सांगते. विवाहित मुलींना घेत नाहीत, आणि प्रशिक्षण संपेपर्यंत लग्न करता येत नाही. म्हणजे चोवीस-पंचविसाव्या वर्षापर्यंत थांबायचं. शहरात हे वय फार मानत नाहीत. आपल्याकडे "पोरगी घरात बसलीय" म्हणतात. वर्षाकाठी लाखांत कमावणारी आणि शंभर माणसं हाताखाली असणारी पोरगी घरात बसलेली कशी, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलं नाही.

गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणात प्लॅस्टिकच्या डब्याऐवजी मी एक छापील कागद दिला. परीक्षांच्या तारखा, सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ता, मुलींना फी नाही हे ठळक अक्षरात. काही जणी नाराज झाल्या. डबा कामाला येतो, कागद काय करायचा! पण धरणगावकडच्या एक ताई तो कागद पर्समध्ये घालून घेऊन गेल्या. त्यांच्या मुलीला आता भोपाळला मुलाखतीचं बोलावणं आलंय. परवा त्या घरी आल्या. चहा घेतला, आणि बराच वेळ इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर मुद्द्यावर आल्या.

"ताई, मला किती दिवस राहावं लागेल तिकडे? की हिच्या पप्पांना पाठवू?"

म्हटलं, तुम्हाला कुणालाच राहू देणार नाहीत. स्टेशनवर लष्कराची गाडी येते मुलींना न्यायला. पहिल्यांदा जाणाऱ्यांना रेल्वेचं भाडंही परत मिळतं, तिकीट तेवढं जपून ठेवायला सांगा.

"म्हणजे तिकीट एकच काढायचं?"

"एकच."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग मला म्हणाल्या, जळगावहून भोपाळला जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा लिहून द्या, मोठ्या अक्षरात.